काँग्रेस गवतातली ‘काँग्रेस’ नेमकी कुठली? अधिवेशन, अमेरिकेचा गहू की गांधी टोपी

आधी प्रश्न काय होता ते सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या एका दादांनी विचारलंय. मुलीला शाळेत परिसरातल्या वनस्पतींचा प्रोजेक्ट दिलाय, तिने काँग्रेस गवत निवडलं, आणि नावावरून घरात तीन पार्ट्या पडल्या. आजोबा म्हणतात 1924 ला बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं, देशभरातनं लोक आले, त्यांच्या सामानसुमानाबरोबर हे आलं, म्हणून काँग्रेस गवत. दादांचा मित्र म्हणतो अमेरिकेच्या गव्हातनं आलं आणि तेव्हा सरकार काँग्रेसचं होतं म्हणून. शेजारचे एक कन्नड सर म्हणाले फूल गांधी टोपीसारखं दिसतं, एवढंच कारण आहे. यातलं खरं कुठलं, आणि मग ह्यालाच गाजर गवत का म्हणतात, असा प्रश्न आहे.

मी पीयू (म्हणजे अकरावी-बारावीच्या) कॉलेजात तीस वर्षं बॉटनी शिकवली, आता रिटायर आहे. झाडांची गावठी नावं वहीत उतरवून घ्यायचा नाद मात्र नोकरीच्या आधीपासनं आहे. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी ह्या पट्ट्यात मराठी आणि कन्नड दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहीत गेलो, सात-आठ वह्या भरल्यात. त्यामुळे उत्तर जरा लांब होणार, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, तुमच्या घरात भांडण एका प्रश्नावरून चाललंय असं वाटतं, पण प्रश्न दोन आहेत. झाड इथे कधी आलं हा एक आणि त्याला हे नाव कधी पडलं हा दुसरा. पोराची जन्मतारीख वेगळी आणि बारशाची वेगळी, तसं. आजोबा आणि मित्र दोघेही झाडाच्या जन्माची गोष्ट सांगतायत आणि तीच नावाची म्हणून खपवतायत, कन्नड सर फक्त बारशाचं बोलतायत. हे वेगळं केलं की निम्मा गुंता तिथंच सुटतो.

आता आजोबांचं घेऊ, कारण ते ऐकायला सगळ्यात भारी आहे आणि आपल्या गावचं आहे. 26 आणि 27 डिसेंबर 1924 ला बेळगावात काँग्रेसचं 39 वं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष होते आणि आख्ख्या आयुष्यात त्यांनी अध्यक्षपद घेतलेलं हे एकच अधिवेशन. टिळकवाडीत त्या वेळी पाण्यासाठी खोदलेली विहीर अजून आहे, तिला आपण काँग्रेस विहीरच म्हणतो. रस्त्याला काँग्रेस रोड म्हणतो. शताब्दीला किती लायटिंग केली होती ते तुम्ही बघितलंच असेल. आता पावसाळ्यात त्याच काँग्रेस रोडला रेल्वेच्या कडेनं चालत जावा, कमरेएवढं काँग्रेस गवत. लहान पोराला काय वाटणार? काँग्रेस विहीर, काँग्रेस रोड, काँग्रेस गवत, एकाच कार्यक्रमातनं उरलेलं सामान. मला स्वतःला लहानपणी असंच वाटायचं, उगंच कशाला खोटं बोलू.

पण हे टिकत नाही. आर. एस. राव नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुण्यात हे झाड बघून 1956 ला त्याची नोंद छापली आणि ती भारतासाठी नवी नोंद म्हणून छापली. म्हणजे तोपर्यंत आपल्याकडच्या झाडांची जी मोठमोठी पुस्तकं इंग्रजांच्या काळापासनं होती त्यात हे रानात वाढणारं झाड म्हणून नव्हतं. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात, आणि इलाख्यातली झाडं तर लोकांनी कोपरान् कोपरा फिरून लिहून ठेवलेली. 1924 ला टिळकवाडीत आलेलं तण तीस वर्षं कुणाच्या डोळ्याला पडलं नाही असं होत नाही, हे तण तीन वर्षांत मैदान भरतं.

ह्याच्यापेक्षा मला पटलेला पुरावा वेगळाच आहे, तो पुस्तकातला नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी खानापूरच्या बाजूला एका रताळ्याच्या शेतात भांगलण चालली होती. मी बांधावर वही घेऊन उभा. एक आजी, सत्तरीच्या पुढच्या, खुरपं चालवत चालवत म्हणाल्या, काय हुडकायलाय सर? मी म्हटलं गवतांची नावं. त्या एकेक उपटून पुढ्यात टाकत गेल्या, ही हरळी, हा आघाडा, हा कुर्डू, हा टाकळा, हे गोखरू. प्रत्येकाबरोबर काहीतरी सांगायच्या, कुर्डूची भाजी होती, टाकळ्याची पावसाच्या सुरवातीला, आघाडा गणपतीच्या पत्रीला. मग हे उपटलं, लांब फेकलं आणि हात लुगड्याला पुसला. म्हणाल्या, “ही काँग्रेस. आमी सान असताना न्हवती बग ही. मागनं आली.”

मागनं म्हणजे कधी? साल विचारलं तर म्हातारी माणसं हसतात. साल विचारायचं नसतं, प्रसंग विचारायचा असतो. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा होती काय? (ते 1956.) नाही. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा? (डिसेंबर 1967.) तेव्हा आठवत नाही, असंल कुठंतरी रस्त्याकडेला. बहात्तरच्या दुष्काळात? होय की, तेव्हा होती, रेशनवर लाल मिलो (परदेशी ज्वारी) मिळायचा तेव्हा होती. हा हिशोब मी नंतर वीस-पंचवीस म्हाताऱ्या माणसांबरोबर केला, निपाणीकडं तंबाखूच्या रानात केला, चिकोडीकडं कन्नड बोलणाऱ्यांबरोबर केला. उत्तर थोडं इकडंतिकडं होतं, निपाणीला पुणे-बेंगळूर हायवे जवळ म्हणून असेल, तिथले लोक थोडं आधी सांगतात, आत खानापूरच्या जंगलाकडं थोडं उशिरा. पण भूकंपाच्या अलीकडंपलीकडं दहा वर्षांत सगळे येतात. 1924 च्या जवळपास एकसुद्धा नाही. तेव्हा आजोबांना वाईट वाटू नये असं सांगा, पण अधिवेशनाची गोष्ट नावावरनं मागाहून रचलेली आहे. आधी नाव कानावर आलं, मग आपल्या गावात काँग्रेस म्हटल्यावर जे पहिलं आठवतं ते त्याला जोडलं गेलं. हे सगळीकडं होतं, गावांच्या नावांत तर फारच.

आता अमेरिकेच्या गव्हाचं. इथं मला आधी एक कबुली द्यायला पाहिजे. मी स्वतः वर्गात दहा-बारा वर्षं छातीठोक सांगत होतो की पीएल 480 च्या, म्हणजे अमेरिकेच्या धान्य-मदतीच्या कायद्याखाली आलेल्या गव्हातनं हे आलं, आणि पोरं लिहून घ्यायची. एका वर्षी एका पोरीनं हात वर केला, सर, करार कधी झाला? मी म्हटलं 1956. आणि पुण्यात कधी दिसलं? मी म्हटलं 1955-56 च्या सुमारास. मग गहू यायच्या आधी बी कसं आलं सर? वर्ग हसला, मी पण हसलो, पण घरी जाऊन तारखा काढल्या. अमेरिकेत तो कायदा 1954 च्या जुलैत झाला. भारताबरोबरचा पहिला करार ऑगस्ट 1956 चा. आणि राव यांची नोंदच 1956 ची, म्हणजे झाड त्याच्या आधी तिथं उभं होतं. तेव्हा पीएल 480 ची पहिली बोट आणि पुण्यातलं पहिलं झाड हे नीट जुळत नाही. पोरगी बरोबर होती.

मग गहू निर्दोष? तसंही नाही. अमेरिकेनं 1951 मध्ये पण भारताला कर्जाऊ गहू दिला होता, दुष्काळाच्या वेळी, आणि धान्यातनं तणाचं बी येणं ही रोजची गोष्ट आहे, आपण बियाणं आणतो त्यात नाही का येत. पुढं पीएल 480 चा गहू वर्षानुवर्षं येत राहिला आणि ह्या झाडाचा भडका उडाला तो त्याच काळात, म्हणून लोकांच्या डोक्यात दोन्ही एकत्र बसलं. त्यात अजून एक गंमत म्हणजे देहरादूनच्या हर्बेरियममध्ये ह्या झाडाचा 1880 चा वाळवलेला नमुना सापडलाय. म्हणजे भारतात हे त्याच्या कितीतरी आधी कुठंतरी येऊन गेलं होतं, पण तेव्हा पसरलं नाही. माझं मत असं की झाडाचं भारतात पहिल्यांदा येणं ही गव्हाची गोष्ट नाही, पण 1955 नंतर रस्त्यारस्त्यानं पसरण्यात आयात धान्याचा हात असणं अगदी शक्य आहे. मित्राला अर्धे मार्क द्या.

तर झाडाची जन्मतारीख झाली. मूळ अमेरिका खंडातलं, मेक्सिकोच्या आखाताच्या आसपासचं, भारतात तुरळक नोंद जुनी, फैलाव पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासनं, आपल्या पट्ट्यात साठच्या दशकात. आता बारसं.

नावाबद्दल मी कसा विचार करतो ते सांगतो, कारण ही सीमाभागात राहण्याची एक सोय आहे जी पुण्यात बसून मिळत नाही. आपल्याकडं एकाच बांधावर दोन भाषा भांगलण करतात. जुनं तण असेल तर त्याला दोन्हीकडं आपापलं, स्वतंत्र नाव असतं. आपली हरळी, कन्नडमध्ये गरिके. आपला आघाडा, त्यांची उत्तराणी. आपलं गोखरू, त्यांचं नेग्गिलु. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, दोन्ही भाषांनी हजार वर्षं ते झाड आपापल्या पायाला टोचून घेतलंय आणि आपापलं नाव ठेवलंय. आता हे बघा, आपलं काँग्रेस गवत आणि कन्नडमध्ये? काँग्रेस गिड. काँग्रेस हुल्लु. आमच्या उत्तर कर्नाटकाच्या बाजूला काँग्रेस कस पण म्हणतात, कस म्हणजे कचरा, तण. मागचा शब्द ज्याचा त्याचा, पुढचा शब्द एकच. दोन्ही भाषांना एकाच वेळी नवीन पाहुणा दिसला आणि दोघांनी एकच तयार शब्द चिकटवला, किंवा एकानं ठेवला आणि दुसऱ्यानं उचलला. नवीन मालाची हीच खूण आहे, सायकल दोन्हीकडं सायकल, रेडिओ दोन्हीकडं रेडिओ.

ही पद्धत शंभर टक्के चालते असं मात्र समजू नका. लाजाळू पण मूळची अमेरिकेचीच, पण तिला मराठीत लाजाळू आणि कन्नडमध्ये मुट्टिदरे मुनि, म्हणजे हात लावला की रुसते. आपल्यात लाजते, त्यांच्यात रुसते, मला हे फार आवडतं. ती येऊन खूप काळ झाला आणि तिची खोड अशी की बघितल्याबरोबर कुणालाही नाव सुचावं. काँग्रेस गवताला अशी काही अदा नाही. ना भाजी होते, ना पत्रीला चालतं, गुरं पण सहसा तोंड लावत नाहीत. असल्या झाडाला नाव प्रेमानं पडत नाही, तक्रारीतनं पडतं.

आणि इथं तो गांधी टोपीचा मुद्दा येतो. तुमच्या शेजारच्या सरांचं म्हणणं मी बऱ्याच जणांकडनं ऐकलंय, मराठी पण आणि कन्नड पण, आणि ज्यांनी सांगितलं ते बहुतेक शेतात काम करणारे होते, पुस्तक वाचून सांगणारे नव्हते. लांबनं बघा, रानभर हिरव्यावर पांढरे ठिपके, साठच्या दशकात कुठल्याही सभेला मागं उभं राहून बघितलं तर असंच दिसायचं, पांढऱ्या टोप्याच टोप्या. त्या काळात ग्रामपंचायतीपासनं दिल्लीपर्यंत एकच पक्ष, इकडं म्हैसूर राज्यात तोच, तिकडं महाराष्ट्रात तोच. जिकडं बघावं तिकडं असणारं, पांढऱ्या डोक्याचं, असं काय तर हे. कुणी रागानं म्हणालं असेल, कुणी चेष्टेनं, कुणाला गव्हावरनं सरकारला टोमणा मारायचा असेल, कुणी तर अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात म्हणून असंही सांगतं (हे मला शिकलेल्या माणसांचं मागाहून सुचलेलं वाटतं, भांगलणीला बसलेल्या बायकांना वॉशिंग्टनशी काय घेणं). माझा कौल टोपीला. गहू त्याला नंतर येऊन टेकू देऊन गेला, म्हणून नाव पक्कं झालं. राजकीय अर्थ काढू नका, उगंच खाली भांडणं नकोत. केरळात रानमोडी ह्या दुसऱ्या एका तणाला कम्युनिस्ट पच्चा म्हणतात, पच्चा म्हणजे हिरवं. ज्या काळात जे जोरात पसरत होतं त्याचं नाव तणाला, एवढाच त्याचा अर्थ. आणि बेंगळूरला बेकरीत मसाला लावलेले शेंगदाणे मिळतात त्यांना काँग्रेस कडलेकाई म्हणतात, ते तर लोक आवडीनं खातात.

पण टोपी जवळनं बघितली की टोपी राहत नाही, हे मुलीला नक्की दाखवा. एक फूल घ्या, ज्वारीच्या दाण्याएवढं असतं, दहा पॉवरचं भिंग असलं तर उत्तम, नसलं तर मोबाईलचा कॅमेरा झूम करा. आपण ज्याला एक फूल म्हणतो ती आख्खी वस्ती आहे. मधे बारीक बारीक फुलांचा पांढरा गोळा आणि कडेला पाच छोट्या पाकळ्या (प्रत्येक पाकळी म्हणजे पण एक फूलच), जवळजवळ सारख्या अंतरावर, टोकाला किंचित खाच. पाच कोनांची चांदणीच. मराठीत ह्याचं अजून एक नाव चटकचांदणी आहे, ते ज्यानं ठेवलं त्यानं खाली बसून बघितलं असणार. गंमत अशी की बी धरतं ते फक्त ह्या पाच कडेच्या फुलांना, मधली सगळी नुसती परागकण देतात. म्हणजे एका बोंडात फार तर पाच बिया. ऐकायला किती कमी वाटतं. पण एका झाडावर अशी बोंडं हजारांनी, त्यामुळे एक झाड सहज 15 ते 25 हजार बी टाकतं. बी काढून बघा, काळं, दीड-दोन मिलिमीटरचं, आणि त्याला दोन्ही बाजूंनी दोन सुकलेली फुलं चिकटलेली, छोटी वल्ही लावल्यासारखी. त्यामुळे पाण्यावर तरंगतं. ओढ्याकडेनं, गटारीकडेनं रांगेत का उगवतं ते ह्यातनं कळेल. बाकी ट्रकच्या टायरला, मुरमात, वाळूत, शेणखतात, हे सगळे रस्ते आहेतच.

आता गाजर गवत. हे नाव आपल्याकडं शहरात आणि शाळेच्या पुस्तकात जास्त, शेतात कमी. कोल्हापूर, सांगलीकडनं आलेले पाहुणे दोन्ही म्हणतात. कारण सोपं आहे, हे झाड लहान असताना बघा, म्हणजे फूल यायच्या आधी, जमिनीला चिकटून पानांचं चक्र असतं, आणि ती पानं अशी बारीक कातरलेली की गाजराचा पालाच. दवण्याच्या पानासारखी पण वाटतात, जोतिबाला जाऊन आलेल्या माणसाला तर आधी दवणाच आठवतो. फरक वासाचा. गाजराचा पाला चुरगळला की गाजराचा वास येतो, दवण्याचा तर लांबनंच येतो. ह्याचा नुसता कडवट हिरवा वास, आणि हाताला वास लागू नये हेच बरं, ते पुढं सांगतो.

बॉटनीच्या मास्तराला ह्या नावात दोन चुका दिसतात. हे गाजराच्या कुळातलं नाही, सूर्यफूल-शेवंतीच्या कुळातलं आहे. आणि गवत तर नाहीच, गवत म्हणजे ऊस, जोंधळा, भात, हरळी, त्यांची पानं लांब पट्टीसारखी. पोरांना मी पूर्वी हे दोन मुद्दे लिहायला लावायचो, ‘गाजरही नाही आणि गवतही नाही’. आता लावत नाही. कारण शेतात गवत ह्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. सासू म्हणते गवत काढायला गेलीय, म्हणजे ती काय फक्त पट्टीच्या पानांची काढून बाकीची ठेवत नाही. पेरलं नव्हतं आणि उगवलं ते गवत. त्या अर्थानं नाव एकदम बरोबर आहे. पुस्तकातली व्याख्या घेऊन बांधावरच्या भाषेला मार्क द्यायला जाऊ नये, हे मला रिटायर व्हायच्या जरा आधी कळलं.

शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस, प्रोजेक्टमध्ये हे लिहायलाच लागेल. सरकारी कन्नड कागदात पण पार्थेनियमच असतं, कर्नाटक सरकारनं 1975 मध्ये ह्याला उपद्रवी तण म्हणून जाहीर केलं तेव्हापासनं. एका पोरानं पेपरात लिहिलं होतं की पार्थ म्हणजे अर्जुन, त्यावरनं पार्थेनियम. मी अर्धा मार्क दिला, कल्पनेचा. खरं तर हे ग्रीकवरनं आहे, पार्थेनोस म्हणजे कुमारी, अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाचं नाव पण त्याच शब्दावरनं. पार्थेनिऑन हे जुन्या ग्रीकमध्ये बायकांच्या दुखण्यावर वापरायच्या एका शेवंतीसारख्या झाडाचं नाव होतं. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1753 मध्ये ते जुनं नाव उचलून ह्या अमेरिकेच्या झाडाला लावलं. दुसरा शब्द हिस्टेरोफोरस, हिस्टेरा म्हणजे गर्भाशय, फोरस म्हणजे वाहणारं. आता दोन्ही एकत्र वाचा, कुमारी आणि गर्भ वाहणारी. मुलीच्या प्रोजेक्टमध्ये हे कितपत घालायचं ते तुम्ही ठरवा, ती किती मोठी आहे आणि टीचर कशा आहेत त्यावर आहे. मी असतो तर ‘ग्रीक भाषेतलं जुन्या औषधी वनस्पतीचं नाव’ एवढं लिहून पुढं गेलो असतो.

बाकीच्या जगात काय म्हणतात ते थोडक्यात. क्यूबाकडं स्पॅनिशमध्ये एस्कोबा आमार्गा, म्हणजे कडू झाडू, तिथं ते आपल्या घरचंच आहे म्हणून नावात राग नाही, चव आहे. आफ्रिकेत इंग्रजीत ह्याला दुष्काळी तण अशा अर्थाचं नाव आहे. आणि ह्याच पार्थेनियम घराण्यातला एक भाऊ, गुआयुले, त्याच्यापासनं रबर काढतात. एकाच घरात एक कमावता आणि एक असला.

अजून एक गंमत राहिली. ह्या तणाला खाणारा एक भुंगा 1983 मध्ये मेक्सिकोतनं बेंगळूरला आणला आणि पुढच्या वर्षी सोडला, फिकट अंगावर गडद पट्टे, पावसाळ्यात पानं चाळणी झालेली दिसली की हमखास तो असतो. त्याला लोक काय म्हणतात? मेक्सिकन भुंगा. आणि झाड, जे स्वतः तिकडचंच, ते मात्र काँग्रेस. भुंगा शास्त्रज्ञांनी पेपरात जाहीर करून आणला म्हणून त्याचा पत्ता नावात आला, झाड न सांगता आलं म्हणून त्याला इथला पत्ता मिळाला. नावांच्या बाबतीत मला तरी हे बऱ्याचदा दिसलंय, कोण घेऊन आलं हे माहीत असलं की गावाचं नाव लागतं, नसलं की ज्याच्यावर राग असतो त्याचं.

प्रोजेक्टसाठी माझं म्हणणं असं, तीनही मतं लिहा, खोडू नका, पण प्रत्येकाच्या पुढं तारीख लिहा. अधिवेशन 1924, नोंद 1956, करार 1956, त्याच्या आधीचा गहू 1951, हर्बेरियमचा नमुना 1880. तारखा एकाखाली एक आल्या की पोरगी स्वतःच सांगेल कुठलं बसतं आणि कुठलं नाही. आणि आजोबांना साल विचारू नका, विचारा की भूकंपाच्या वेळी हे गवत होतं काय, त्यांच्या लग्नात मांडवाला जागा साफ केली तेव्हा होतं काय. हे उत्तर त्यांच्या नावानं प्रोजेक्टमध्ये घाला, अधिवेशनाच्या गोष्टीपेक्षा त्याला किंमत जास्त आहे. आजी असतील तर त्यांना पण विचारा, भांगलण त्यांनी जास्त केलेली असणार. त्यांच्याकडं ह्याला काही तिसरंच नाव निघालं तर मला जरूर कळवा, वहीत जागा आहे.

नमुना घेताना एवढं सांभाळा. उघड्या हातानं उपटू नका. ह्याच्या पानाफुलांत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, काहींना काहीच होत नाही आणि काहींना अंगावर असं उठतं की महिनोन् महिने जात नाही, परागानं शिंका आणि दम्याचा त्रास होतो तो वेगळा. कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. मी वीस वर्षं बिनधास्त उपटत होतो, एकविसाव्या वर्षी दोन्ही मनगटं सुजली, आता लांबनंच नमस्कार करतो. मागं एका लग्नात स्टेजवरच्या बुकेत गुलाबाच्या मधे भरायला हीच पांढरी फुलं खोचलेली बघितली, नवरी नाक पुसत होती, लोकांना वाटलं सासरी जाताना रडतीय. तेव्हा दुधाची जाड पिशवी हातात उलटी घाला, त्यातनं झाड धरा, मुळासकट ओढा आणि पिशवी तशीच सुलटी करून गाठ मारा. फूल आलेलं एक आणि फूल न आलेलं, जमिनीला चिकटलेलं एक, असे दोन घ्या, म्हणजे टोपी पण दिसेल आणि गाजर पण. वर्गात पिशवी उघडू नका, कागदात दाबून वाळवून वरनं सेलोटेप मारलेलं न्या. आणि उरलेलं उकिरड्यावर टाकू नका, बी पडायच्या आत जाळा किंवा खोल पुरा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात प्रोजेक्ट परसात उगवेल.